गिटार घेताय? आधी तिच्या पोटात डोकावून बघा!

"आई, मला आता सेमी-हॉलो हवी."

मे महिन्यातल्या एका दुपारी लेकीनं हे जाहीर केलं तेव्हा मी पापडाच्या लाट्या मोजत होते. सेमी-हॉलो हे एखाद्या नव्या आइस्क्रीमचं नाव असावं अशा समजुतीनं मी म्हटलं, "संध्याकाळी बाबांना सांग, येताना घेऊन येतील." ती इतकी हसली, की काय झालं ते बघायला अण्णा, म्हणजे माझे सासरे, बाहेरच्या खोलीतून उठून आले.

आइस्क्रीम नव्हतं ते. गिटार होती, विजेवर वाजणारी. आणि किंमत ऐकल्यावर माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

मैत्रिणींनो, हा प्रसंग तुमच्याही घरी येईल, कदाचित येऊनही गेला असेल. पूर्वी मुलं पेटी-तबला शिकायची. आता आमच्या शहाड स्टेशनवर संध्याकाळच्या लोकलला पाठीवर गिटार अडकवलेली मुलं-मुली सर्रास दिसतात. पैसे द्यायचे आपण, आणि त्या वस्तूतलं आपल्याला कळत मात्र काही नसतं. साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, कुकर घेताना रिंग दाबून बघतो, आणि तीस हजारांची गिटार रंग बघून घेतो! हे मी दुसऱ्यांना नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. ती कशी निस्तरली आणि त्यातून काय शिकले, तेच आज सांगणार आहे.

पैसा कुणाचा, हौस कुणाची

आधी घरची परिस्थिती सांगते. लेक पंधरा वर्षांची. कल्याणला क्लासला जाते. साध्या लाकडी गिटारवर तिची तीन वर्षं झाली. "आता इलेक्ट्रिक घ्यायला हरकत नाही, हात बसला आहे," असं तिचे सर म्हणाले. ह्यांचं म्हणणं, "दहावी होऊ दे, मग बघू." सासूबाईंचं म्हणणं, "मुलीच्या जातीला गिटार कशाला? पेटी शिकव." आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या माळ्यावरचा कीबोर्ड. थोरल्याच्या हट्टापायी घेतलेला, चार महिने वाजलेला, आणि आता चादरीत गुंडाळून निजलेला!

हाताशी होते पंचेचाळीस हजार. त्यातले तीस माझ्या भिशीचे, बाकीचे शाळेच्या अर्धवेळ पगारातून आणि शिकवण्यांतून साठवलेले. त्यातून कपडे धुण्याचं नवं मशीन घ्यायचं ठरलं होतं, कारण जुनं मशीन खालून गळतं. म्हणजे निवड सरळ होती, मशीन की गिटार.

कौल दिला अण्णांनी. ते इथल्या बिर्ला मंदिरात विठ्ठलापुढे भजनाला बसतात. घरी रियाज करताना गेलं वर्षभर लेक त्यांना गिटारवर साथ करते. ते म्हणाले, "सूनबाई, पोरगी रोज वाजवते. न सांगता वाजवते. माळ्यावर टाकणारी ही नव्हे."

मला ते पटलं. मुलाची हौस टिकणार की नाही, हे ओळखण्याची दुसरी कुठलीच खूण नाही. न सांगता रोज हात वाद्याकडे जातो का, एवढंच बघा. जात नसेल, तर कितीही हट्ट केला तरी थांबा.

अर्धपोकळ म्हणजे काय?

आता मूळ मुद्दा. गिटारचे ढोबळ मानानं तीन प्रकार आहेत.

पहिली पोकळ. आपण नेहमी बघतो ती. ढोलकीसारखं तिचं पोट रिकामं असतं, त्यात आवाज घुमतो. हिला वीज लागत नाही.

दुसरी भरीव. ही म्हणजे लाकडाचा सबंध पाट. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी बसवलेली असतात, त्यांना पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की पिकअपमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह तयार होतो, तो केबलमधून अ‍ॅम्पमध्ये जातो आणि मोठा होऊन ऐकू येतो.

तिसरी आपली अर्धपोकळ, म्हणजे सेमी-हॉलो. हिची जन्मकथा मजेदार आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात माइक स्पीकरच्या समोर आला की कशी कर्कश शिट्टी वाजते, आठवतं ना? पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज मोठा केला की नेमकं तेच व्हायचं. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात शिरून घुमायचा, तोच पुन्हा स्पीकरमधून यायचा. भरीव गिटारला हा त्रास कमी, पण पोकळ गिटारचा गोडवा त्यात उतरेना. मग १९५८ साली अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीनं ई. एस. ३३५ नावाची गिटार काढली. तिच्या पोटात मधोमध, मानेपासून खालपर्यंत, लाकडाचा एक भरीव ठोकळा बसवला आणि दोन्ही बाजू पोकळ ठेवल्या. दोन खोल्यांच्या मधे भिंत घालावी तसं. वरच्या फळीला व्हायोलिनसारखी दोन नक्षीदार भोकं. ठोकळ्यामुळे शिट्टी आटोक्यात आली आणि बाजूच्या पोकळीमुळे गोडवाही राहिला. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त-महाग सेमी-हॉलो गिटारी बहुतेक हिच्याच लेकी-नाती आहेत.

या जातीच्या गिटारचा सर्वांत नामांकित वादक म्हणजे बी. बी. किंग. ते आपल्या गिटारला ल्युसिल म्हणत. १९४९ साली अर्कान्सा राज्यातल्या ट्विस्ट या गावी एका नाचाच्या जागी ते वाजवत होते. दोन माणसांची मारामारी झाली, शेगडीसारखं काहीतरी लवंडलं आणि जागा पेटली. सगळे बाहेर पळाले, पण गिटार आत राहिली म्हणून हे पुन्हा आगीत शिरले. मागाहून कळलं की भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झालं होतं. पुन्हा असला वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यांनी गिटारला तेच नाव दिलं. पुढे १९८० च्या सुमारास गिब्सननं ल्युसिल नावाची खास गिटार काढली, तीत वरची भोकंच ठेवली नाहीत. मोठ्या कार्यक्रमात शिट्टी आणखी कमी व्हावी म्हणून!

आपल्या घराला ती का सोयीची

लेकीनं हीच का मागितली, हे मला नंतर समजलं. आपल्यासारख्या दोन-तीन खोल्यांच्या घराला ती खरंच सोयीची आहे. केबल न लावता वाजवली तरी ती हलकासा, वाजवणाऱ्याला पुरेल एवढा आवाज देते. भरीव गिटार अशी वाजवली तर नुसती तारांची किणकिण ऐकू येते. त्यामुळे रात्री नऊनंतर रियाज केला तरी भिंतीपलीकडच्या काकूंची झोपमोड होत नाही. शिवाय तिचा आवाज मऊ आणि भरलेला असतो, गाण्याच्या साथीला छान बसतो. अण्णांच्या भजनाला तो शोभतो.

उणी बाजूही सांगते. हिचं पोट मोठं, मूळ घडणीची सुमारे सोळा इंच रुंद. लहान चणीच्या मुलीला ती काखेत अवघड जाते. अतिशय कर्कश, धडधडाटी संगीत वाजवायचं असेल तर ठोकळा असूनही ती कधी कधी शिट्टी मारते. त्या वाटेनं जाणाऱ्या मुलांनी भरीव गिटारच घ्यावी. आणि हिची दुरुस्ती किचकट. का, ते पुढे येईलच.

राहता राहिला सासूबाईंचा प्रश्न, मुलीला गिटार कशाला? त्यांना मी सिस्टर रोझेटा थार्पची गोष्ट सांगितली. १९१५ साली जन्मलेली ही अमेरिकन बाई देवाची गाणी गाणारी, म्हणजे आपल्या भाषेत भजन गायिकाच. हातात विजेची गिटार घेऊन ती गायची, आणि तिचं ऐकून पुढचे कित्येक पुरुष वादक तयार झाले. १९६४ साली तिनं इंग्लंडात मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर, पाऊस पडून गेलेला असताना, कार्यक्रम केला. लेकीनं मोबाईलवर तो दाखवला. सासूबाईंनी पूर्ण बघितला आणि म्हणाल्या, "ओलाव्यात विजेचं वाद्य घेऊन उभी राहिली, शॉक नाही बसला ते नशीब!" म्हणजे विरोध मावळला असं मी धरलं.

मी केलेली चूक

मग मी घाई केली. मोबाईलवर चित्रं बघितली. लालचुटुक रंगाची, भोकं-बिकं असलेली एक गिटार इतर गिटारींपेक्षा चार हजारांनी स्वस्त होती. मागवली. आठ दिवसांनी भलामोठा खोका आला.

लेकीनं ती मांडीवर घेतली, दोन मिनिटं वाजवली आणि गप्प बसली. मानेच्या मध्यावर तारा एवढ्या उंच होत्या, की दाबताना तिची बोटं पांढरी पडत होती. मान धनुष्यासारखी वाकलेली. वरच्या पट्टीत गेलं की स्वर बेसूर. सरांनी भोकातून आत मोबाईलचा उजेड पाडला आणि म्हणाले, "ताई, हिच्या आत ठोकळाच नाही. ही नुसती पोकळ आहे." जाहिरातीत तर सेमी-हॉलो लिहिलं होतं!

परत पाठवायला तीन आठवडे गेले. रोज फोन, रोज नवं उत्तर. भिशीचे पैसे बुडाले या भीतीनं माझी झोप उडाली. लेक एका शब्दानं बोलली नाही. जुनी गिटार काढून पुन्हा वाजवत बसायची, आणि तेच मला जास्त लागायचं. शेवटी पैसे परत आले. त्या दिवशी मी ठरवलं, की आता हात लावल्याशिवाय आणि पोटात डोकावल्याशिवाय गिटार घ्यायची नाही.

दिसतात सारख्या, असतात निराळ्या

त्यानंतर सरांकडून मी समजून घेतलं, की या गिटारी बाहेरून बहिणी-बहिणी दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. एपिफोन कंपनीची ई. एस. ३३५ आणि तिची जुनी बहीण डॉट या अर्धपोकळ, आत ठोकळा आहे. त्याच कंपनीची कॅसिनो दिसायला तशीच, पण आतून पूर्ण पोकळ. कॅसिनो वाईट नाही हं! बीटल्समधल्या तिघांकडे ती होती. पण ती वेगळी वस्तू आहे. आयबानेझ कंपनीत ए. एस. या अक्षरांची मालिका अर्धपोकळ, ए. एफ. ची पोकळ, आणि ए. एम. ची अर्धपोकळच, पण लहान अंगाची. ग्रेच कंपनीच्या स्ट्रीमलायनरमध्ये २६२२ क्रमांकाचीत ठोकळा आहे, २४२० मध्ये नाही. फेंडरच्या धाकट्या स्क्वायर या नावाखाली स्टारकास्टर मिळते, तीही याच वर्गातली.

तेव्हा नाव आणि अक्षरं कागदावर लिहून न्या. दुकानात मोबाईलचा टॉर्च भोकापाशी धरा. अर्धपोकळ असेल तर मधल्या बाजूला लाकडाची उभी भिंत दिसते. पलीकडच्या भोकातून उजेड आरपार आला, तर ती पोकळ. आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या, व्हायोलिनसारखी भोकं असलेल्या आणि पिकअप चिकटवलेल्या कित्येक गिटारी अशाच असतात.

नावाबद्दलही सावध राहा. आमच्या शेजारच्या उल्हासनगरबद्दल 'मेड इन यू. एस. ए.' हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल, यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! विनोद सोडा, पण नामांकित कंपनीचं नाव रंगवलेल्या नकली गिटारी जगभर विकल्या जातात. मूळ गिब्सनची किंमत लाखांत आहे. कुणी ती तीस हजारांत देतो म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडावं.

प्लायवूड म्हणून नाक मुरडू नका

एका गोष्टीनं मला फार आश्चर्य वाटलं. साध्या गिटारला वरची फळी सबंध लाकडाची असली तर चांगली, हे लेकीच्या क्लासमध्ये ऐकलं होतं. म्हणून दुकानात मी ऐटीत विचारलं, "हिला प्लायवूड तर नाही ना?" दुकानातले गृहस्थ हसले. म्हणाले, "बाई, हिला प्लायवूडच असतं. लाखांच्या गिटारलासुद्धा."

ते खरं आहे. १९५८ च्या त्या पहिल्या गिटारपासून वरची-खालची फळी लाकडाचे पातळ थर चिकटवून, साच्यात दाबूनच केली जाते. असे थर कमी कंपतात, त्यामुळे शिट्टी कमी होते. आपल्यासाठी दुसरा फायदा म्हणजे कोकणपट्टीच्या दमट हवेत सबंध फळीपेक्षा ती कमी फुगते, कमी तडकते. स्वस्त आणि महाग यांत फरक पडतो तो पिकअप, खुंट्या, फ्रेट यांच्या दर्जात आणि हातकामाच्या सफाईत. यातलं बरंचसं आपल्याला डोळ्यांनी आणि बोटांनी तपासता येतं.

दुकानातली परीक्षा

कल्याण, डोंबिवली, ठाणे इथंही वाद्यांची दुकानं आहेत, आधी तिथं फिरावं. पण सेमी-हॉलो दोन-चार शेजारी-शेजारी ठेवून बघायच्या म्हणून आम्ही एका शनिवारी सकाळी लोकल पकडली आणि सी. एस. एम. टी. ला उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत धोबी तलावला गेलो. हा भाग वाद्यांसाठी जुना. १८६५ सालापासूनचं फुर्तादोंचं नाव याच परिसरातलं. गोव्याहून आलेले कितीतरी वादक इथंच आसपास राहिले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवून गेले.

आम्ही केलेल्या तपासण्या अशा:

१. मान. गिटार बंदुकीसारखी डोळ्याशी धरून मानेच्या कडेनं नजर टाका. पीळ दिसला तर नको. मग पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकच तार दाबून धरा. मधोमध तार आणि फ्रेट यांच्यात साधारण पोस्टकार्डाच्या जाडीची फट हवी.

२. तारांची उंची. कंपासपेटीतली पट्टी न्या. बाराव्या फ्रेटवर तार सुमारे दोन मिलिमीटर उंच असावी. थोडी जास्त असेल तर कारागीर खाली आणू शकतो, फारच जास्त असेल तर सोडा.

३. फ्रेटच्या कडा. मानेच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. नव्या स्टीलच्या वाटीची कड बघतो तसं. खरचटलं तर हातकाम कच्चं.

४. सूर. मोकळी तार हा सा धरला, तर बाराव्या फ्रेटवर नेमका वरचा सा मिळायला हवा. कानावर विश्वास नसेल तर मोबाईलमधला ट्यूनर लावा. सहाही तारा बघा.

५. खुंट्या. सूर लावून दहा मिनिटं वाजवू द्या, मग पुन्हा तपासा. फार उतरला तर खुंट्या किंवा तारांची खाच सदोष.

६. पोटातला आवाज. गिटार हळूच हलवा. आत काही खुळखुळतं का ते ऐका.

७. विजेचे भाग. अ‍ॅम्पला जोडून प्रत्येक नॉब पूर्ण फिरवा, खटका तिन्ही जागी करा, केबलचं टोक जरा हलवा. खरखर किंवा मधेच आवाज गेला तर ती गिटार ठेवून द्या, दुसरी मागा.

या शेवटच्या तपासणीत अजिबात भीड बाळगू नका. भरीव गिटारला बहुधा झाकण असतं, ते काढून आतली वायर नीट करता येते. सेमी-हॉलोला बहुधा तसं झाकण नसतं. नॉब आणि खटका बदलायचा, तर सगळं त्या भोकातून बाहेर काढायचं आणि दोरा बांधून, परकरात नाडी ओवावी तसं पुन्हा जागेवर ओढायचं. कारागिराचा वेळ जातो, आणि मजुरी आपली.

८. अंगाला बसते का. बसून आणि पट्टा लावून उभं राहून, दोन्ही प्रकारे वाजवायला लावा. आमच्या लेकीच्या मैत्रिणीला मोठी गिटार जड गेली, तिच्यासाठी लहान अंगाचीच बरी.

वाजवून बघायला दुकानदार नाही म्हणत असेल, तर समोरच्या दुकानात जावं. जुनी, वापरलेली गिटार घेणाऱ्यांनीही हीच परीक्षा घ्यावी. शिवाय मूळ पावती मागावी. चांगली निगा राखलेली जुनी गिटार कमी पैशांत नव्यापेक्षा सरस मिळू शकते.

पंचेचाळीस हजारांचा हिशेब

पुष्कळ जण सगळे पैसे गिटारमध्येच घालतात आणि घरी आल्यावर कळतं, की अ‍ॅम्प नाही, पिशवी नाही. माझं गणित असं, शंभरातले सत्तर रुपये गिटारचे, तीस बाकीच्याचे.

आम्ही आयबानेझची ए. एस. मालिकेतली सर्वांत साधी, तपकिरी रंगाची गिटार घेतली, ती एकतीस हजारांच्या आसपास पडली. घरगुती लहान अ‍ॅम्प आठ हजारांचा. त्याला हेडफोनची सोय आहे, आणि हे मी अट म्हणूनच ठेवलं होतं. जाड अस्तराची पिशवी अडीच हजार. केबल, पट्टा, तारांचा जादा संच आणि कारागिराकडून तारा-मान नीट बसवून घेण्याची मजुरी, असे मिळून आणखी अडीच. एक हजार शिल्लक राहिले, त्यात परतीच्या वाटेवर सगळ्यांनी इडली-डोसा खाल्ला. भाव बदलत असतात, तुम्ही जाल तेव्हा विचारून घ्या. प्रमाण मात्र हेच ठेवा.

कारागिराची मजुरी वाचवू नका. स्वस्त गिटारला तिचा सर्वांत जास्त उपयोग होतो. शिवून आलेला ब्लाउज अंगावर घालून चार टाके इकडे-तिकडे केल्याशिवाय नीट बसत नाही, तसंच आहे हे.

पावसाळा आणि वीज

आपल्याकडे जूनपासून उल्हास नदीच्या काठची हवा अशी असते, की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. लाकडालाही ती लागते. वाजवून झालं की तारा कोरड्या मलमलीच्या फडक्यानं वरून-खालून पुसाव्यात, घामानं आणि दमटपणानं त्या गंजतात. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. ओल येणाऱ्या भिंतीला गिटार टांगू नये, गॅसजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. आणि पिशवीत बंद करून महिनोन् महिने विसरू नये, बुरशी येते. रोज वाजवणं हीच सर्वांत चांगली निगा!

विजेचं मात्र जिवावरचं आहे. वाजवणाऱ्याची बोटं तारांवर, तारा केबलमधून अ‍ॅम्पला जोडलेल्या. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला आणि घराचं अर्थिंग नीट नसेल, तर धक्का थेट मुलाच्या हाताला बसू शकतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी वायरमनला बोलावून एकदा अर्थिंग तपासून घ्यावं. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून तो दोन भोकांत बसवायचा उद्योग कुणी करत असेल, तर तो आजच थांबवा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून वाजवू देऊ नका. सासूबाईंनी ते बोलून दाखवलं, त्यात चूक काही नव्हती.

शेवटी

गिटार येऊन आता सहा महिने झाले. संध्याकाळी मी कुकर लावते तेव्हा बाहेरच्या खोलीत अण्णा अभंग धरतात आणि लेक केबल न लावता हळू साथ करते. कुकरची शिट्टी झाली की अण्णा म्हणतात, "बघ, तुझ्या गिटारनं शिट्टी मारली!" हा विनोद ते रोज करतात आणि ती रोज हसते.

कपड्यांचं मशीन अजून गळतंय. खाली फडकं घालते. पुढची भिशी लागली की बघू.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांनी गिटार मागितली तर लगेच नाहीही म्हणू नका आणि लगेच खोकाही मागवू नका. हात रोज वाद्याकडे जातो का ते बघा, आणि मग पट्टी, पोस्टकार्ड आणि मोबाईलचा टॉर्च पर्समध्ये टाकून स्वतः दुकानात जा. विकणारा समोर कितीही बोलला, तरी गिटारच्या पोटात डोकावल्याशिवाय पर्स उघडू नका.